किरकिरं बाळ आणि त्याची आई

साताऱ्या-सांगलीकडच्या घरात तान्हं बाळ रात्री रडायला लागलं की पहिला प्रश्न बाळंतिणीला विचारला जातो, ‘काय खाल्लंस गं?’ मग दुपारची वांग्याची भाजी निघते, गार पाणी निघतं, कानाला न बांधलेला रुमाल निघतो. तरीही रडं थांबलं नाही, तर मीठ-मोहरी उतरवून दृष्ट काढायची. विचारणारी आजी मायेनंच विचारते. पण पहिलटकरणीच्या मनात त्याचा अर्थ एकच उरतो : लेकरू माझ्यामुळं रडतंय.

माझ्या बहिणीची थोरली पाळण्यात घातली की झोपायची. धाकट्याला झबल्याची शिवणसुद्धा टोचायची, मिक्सरच्या आवाजानं तो किंचाळायचा, त्याच्या भुकेला वेळकाळ नव्हता. आई तीच, घर तेच, बाळगुटीही त्याच सहाणेवर उगाळलेली. थोरलीच्या वेळी ‘छान वळण लावलंय’ म्हणून बहिणीचं कौतुक झालं आणि धाकट्याच्या वेळी तिचंच काहीतरी चुकतंय असं ठरलं. ते कौतुक आणि तो ठपका, दोन्ही अनाठायी होते.

बाळ आपला पिंड घेऊनच जन्माला येतं. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मनोविकारतज्ज्ञ पती-पत्नींनी १९५६ साली तान्ह्या मुलांचा अभ्यास सुरू केला आणि ती मोठी होईपर्यंत चालवला. मुलाच्या प्रत्येक अडचणीचं खापर आईवर फोडण्याचा तो काळ होता. त्यांना सुमारे ४० टक्के मुलं सहज रमणारी दिसली, १० टक्के अवघड, १५ टक्के हळूहळू रुळणारी. बाकीची कुठल्याच गटात नीट बसली नाहीत. पण मला मोलाचं वाटतं ते त्यांचं पुढचं म्हणणं. अवघड बाळाचं पुढं काय होईल हे एकट्या पिंडावर ठरत नाही, पिंडाचा आणि घराच्या रीतीचा मेळ कसा बसतो यावर ठरतं. पाचवीच्या रात्री सटवाई कपाळावर लिहून जाते म्हणतात. तिचं लिहिलेलं पुसता येत नाही. हा मेळ मात्र बसवता येतो.

तो बसवायला आई सावरलेली हवी. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला, २००२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं. घरची ओढग्रस्त आणि नवऱ्याची मारहाण ही त्यामागची ठळक कारणं होती. अशा आयांच्या बाळांचं वजन आणि बौद्धिक वाढ सहाव्या महिन्यात मागे पडलेली दिसली. हे वाचून कुणी पुन्हा आईलाच बोल लावेल, म्हणून सांगते : नैराश्य ती निवडत नाही. खचलेल्या बाईला बाळाच्या हसण्याला हसून उत्तर देणंही जड जातं. उत्तर मिळालं नाही की बाळ बिथरतं आणि त्याच्या रडण्यानं ती आणखी खचते.

यातला सहावा आठवडा मला फार महत्त्वाचा वाटतो. बाळांचं रडणं जन्मानंतर वाढत जातं, साधारण सहाव्या आठवड्यात सर्वांत जास्त होतं आणि मग ओसरू लागतं, असं बेरी ब्रेझल्टन या बालरोगतज्ज्ञानं आयांनी ठेवलेल्या नोंदींवरून १९६२ मध्ये दाखवलं. आपल्याकडे नेमका त्याच सुमाराला सव्वा महिना सरतो. शेक-धुरी थांबते, तेल लावणारी बाई यायची बंद होते, भावजया आपापल्या कामाला लागतात. रडणं टिपेला आणि मदत तळाला!

त्यात आपल्या भागाचं आणखी एक दुखणं आहे. पाटण, जावळीतले कितीतरी बाप माथाडीच्या कामाला मुंबईत असतात. खानापूर, आटपाडीची कुटुंबं सोन्या-चांदीच्या गलाईपायी देशभर पांगलेली आहेत. एका ठिकाणी बाप जवळ नसतो. दुसऱ्या ठिकाणी, परक्या मुलखातल्या एखाद्या खोलीत, बाळाला घटकाभर धरायला आजी नसते. सहज रमणारं बाळ अशा घरातही निभावून नेतं. किरकिरं बाळ असेल तर ती बाई एकटी पडते.

हॉलंडमध्ये दिम्फना व्हॅन डेन बूम यांनी गरीब घरांतली शंभर चिडखोर बाळं निवडली. त्यातल्या निम्म्या आयांकडे बाळ सहा ते नऊ महिन्यांचं असताना जाऊन, त्याच्या खुणा कशा ओळखायच्या आणि त्याला कसं शांत करायचं, हे दाखवलं. वर्षाच्या बाळांमध्ये फरक उघड दिसला. त्या आयांची बाळं आईवर कितीतरी जास्त विसंबू लागली होती. बाळांचा पिंड कुणी बदलला नव्हता. आयांना फक्त सोबत मिळाली होती.

आपल्याकडे आशाताई बाळाला बघायला घरी येतात. सुरुवातीच्या फेऱ्यांतली शेवटची बेचाळिसाव्या दिवशी असते, म्हणजे नेमकी सहाव्या आठवड्यात. त्यानंतर थेट तिसऱ्या महिन्यात. बाळाचं वजन होतं, ताप मोजला जातो. त्याच वेळी आईला शेजारी बसवून ‘तुला झोप लागते का, रडू येतं का’ एवढं विचारणं रीतसर ठरवून दिलं पाहिजे, ही आरोग्य विभागाला माझी विनंती आहे. घरातल्यांनाही एक सांगणं : बाळ रडलं तर आईला दोष देण्याआधी बाळ तिच्याकडून घ्या आणि तिला दोन तास झोपू द्या. मन फारच खचलं असेल, तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालू आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.