डोंगरातले स्वयंसेवक

कर्जत-खालापूर म्हटलं की लोकांना गड आणि धबधबे आठवतात. आम्हाला इथे पावसाळ्यात मदतीला धावणारी माणसंही आठवतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे मोठी यंत्रं वर नेता आली नाहीत. एनडीआरएफचे जवान, खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या संस्थांचे गिर्यारोहक आणि गावकरी निसरडी वाट चढून गेले, फावडी-कुदळींनी माती उपसली. २३ जुलैला शोध थांबला, तेव्हा २७ मृतदेह सापडले होते, ५७ माणसं बेपत्ताच होती.

वर्गात हे सांगितलं तेव्हा एका मुलाने विचारलं, "बाई, त्यांना पगार किती?" जवानांना असतो, गिर्यारोहकांना नाही, म्हटल्यावर वर्ग गप्प झाला. ही माणसं एरवी नोकरी-धंदा करतात, सुट्टीत डोंगर चढतात. वाटा पायाखालच्या असतात, म्हणून अडचणीच्या वेळी उपयोगी पडतात.

पालकांनो, मुलांना डोंगरात जरूर न्या. पण भर पावसात सेल्फीसाठी कड्यावर जाऊ नका. आपण अडकलो, तर कुणाच्या तरी घरचा माणूस अपरात्री दोर घेऊन निघतो, हेही मुलांना सांगा.