पद्मिनीचा क्लच

रविवार, बीड

वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीचा गिअरबॉक्स आज अंगणातल्या शेडखाली उतरवला. मांजरसुंब्याच्या घाटात क्लच घसरू लागला होता. इंजिनाचा आवाज चढायचा, पण वेग वाढायचा नाही. चढावर अर्धा क्लच दाबून गाडी धरली की प्लेटचं अस्तर झिजतं. इथे झीज थेट रिव्हेटपर्यंत पोचली होती.

पद्मिनीत ओढ मागच्या चाकांना, म्हणून आधी प्रोपेलर शाफ्ट सोडला. मग गिअरबॉक्सला जॅकचा आधार देऊन तो सरळ मागे ओढला; त्याचा भार लोंबकळला तर प्लेट वाकते. जुन्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून धूळ न फुंकता ओल्या फडक्याने पुसली. नवी प्लेट गिअरबॉक्सच्या एका जुन्या इनपुट शाफ्टच्या आधाराने बरोबर मध्यावर आणली. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. रिलीज बेअरिंगही नवं बसवलं.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने कुर्ल्यात घडवलेली ही गाडी. बीड शहराला रेल्वे मिळाली २०२५ मध्ये. तोवर दवाखाना, लग्न, कॉलेज, सगळ्याची भिस्त रस्त्यावर आणि अशा गाड्यांवर. त्यांना चालत्या ठेवणाऱ्या हातांचं ऋण या जिल्ह्यावर मोठं आहे. ही विद्या घरात टिकायला हवी. पेडलची मोकळी चाल जुळवायची अजून बाकी आहे. उद्या पाना भाचीच्या हाती देणार आहे.