गर्दीतील पळवाट

आपल्याला गर्दीचा त्रास होतो, असे एखाद्याने चारचौघांत सांगितले की ऐकणाऱ्यांच्या मनात दोनच शंका येतात. हा मनुष्य स्वतःस फार शिष्ट समजतो, ही एक. आणि ह्याची प्रकृती ठीक नाही, ही दुसरी. तिसरी शक्यता कोणाच्या मनास शिवत नाही. मुंबईत तीस वर्षे अध्यापन करून आणि वयाची पंचावन्न वर्षे ओलांडून आम्ही आता या दोन्ही शंकांना सरावलो आहो. आम्हांस माणसांचा कंटाळा मुळीच नाही. माणसेच नसती तर आमच्या व्याख्यानांचे काय झाले असते? (माणसे असूनही त्यांचे काय होते, हा प्रश्न निराळा.) आमची तक्रार माणसांविषयी नसून, ती एकत्र जमली म्हणजे आमच्या पंचेंद्रियांवर एकाच वेळी जी धाड पडते, तिच्याविषयी आहे.

आमचा रोजचा मार्ग दादर स्थानकावरून जातो. पश्चिम आणि मध्य या दोन्ही रेल्वेमार्गांची येथे गाठ पडत असल्यामुळे एका मार्गावरून दुसऱ्यावर जाणारा लोंढा तेथील पुलांवरून सारखा वाहत असतो. सायंकाळी सहाच्या सुमारास त्या पुलावर उभे राहून पाहावे. खालून गाडी येते तिचा खडखडाट; कर्ण्यातून मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत सांगितली जाणारी एकच वार्ता, आणि शेजारच्या फलाटावरची दुसरी वार्ता तिच्या मानगुटीवर बसलेली; कोणीतरी मोबाइलवर मोठ्या आवाजात लावलेला विनोद, ज्यातील हास्य आपल्यापर्यंत पोहोचते पण विनोद पोहोचत नाही. पश्चिमेकडच्या फुलबाजारातून येणारा झेंडूचा व शेवंतीचा वास तळणाच्या वासाशी झटापट करीत असतो. पाठीत कोणाच्या तरी पिशवीचा बंद रुततो, हातास कोणाची तरी ओली छत्री लागते, आणि डोळ्यांसमोर जाहिरातींचे दिवे क्षणाक्षणास रंग पालटतात.

यांपैकी एकही गोष्ट एकेकटी असह्य नाही. झेंडूचा वास तर आम्हांस मनापासून आवडतो. परंतु सगळ्या मिळून आल्या म्हणजे आमच्या बुद्धीचे जे होते ते सांगण्यास थोडा संकोच वाटतो. समोरची पाटी आम्ही तीनदा वाचतो आणि तीनही वेळा तिचा अर्थ लागत नाही. दादरच्या दोन्ही मार्गांवर पूर्वी एक क्रमांकाचे निरनिराळे फलाट असत; प्रवाशांचा घोटाळा होऊ नये म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये सर्व फलाटांना सलग क्रमांक देण्यात आले. योजना उत्तम आहे. तथापि त्या समयी ज्याच्या डोक्यात अक्षरे अक्षरांना आणि आकडे आकड्यांना ओळखीनासे झाले आहेत, त्याला नऊ काय आणि अकरा काय, सारखेच. छाती धडधडते, विनाकारण राग येतो, आणि घरी आल्यावर ‘अहो, चहा घेता ना?’ एवढ्या साध्या प्रश्नास उत्तर देण्याचेही त्राण उरत नाही.

ह्या दुखण्याची परंपरा मोठी थोर आहे, हा आमचा एक विरंगुळा. शोपेनहाउअरने गोंगाटावर एक स्वतंत्र निबंध लिहून गाडीवानांच्या चाबकाच्या फटकाऱ्यांवर आपला सर्व संताप ओतला आहे. गणकयंत्राचा आद्य शिल्पकार बॅबेज हा लंडनच्या रस्त्यांवरील वाजंत्र्यांशी वर्षानुवर्षे भांडत होता. आणि कार्लाइलने तर १८५३ साली आपल्या चेल्सीच्या घरावर माळ्याची एक खोली केवळ आवाज आत येऊ नये म्हणून बांधवून घेतली. त्याच वर्षी एप्रिलात इकडे बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी सुटली. तिकडे एक तत्त्वज्ञ जगाचा आवाज बंद करण्याच्या खटपटीत असता इकडे आमच्या आवाजाचा शुभारंभ होत होता, हा योगायोग आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. कार्लाइलच्या खोलीचे मात्र हसेच झाले. एका बाजूचे आवाज अडले म्हणून दुसरीकडचे, पूर्वी कानी न पडणारे आवाज त्याला स्पष्ट ऐकू येऊ लागले. आम्हीही एकदा कानांत बोळे घालून पुलावर गेलो होतो. बाहेरचा गलका उणावला, पण स्वतःच्या श्वासाचा व पावलांचा आवाज डोक्यात घणासारखा पडू लागला. शिवाय मागून ‘सरका, सरका’ म्हणून ओरडणारा हमाल ऐकू आला नाही तो निराळाच.

जर्मन समाजशास्त्रज्ञ झिमेल याने १९०३ साली महानगर व मनोजीवन यांवर एक निबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे की, शहरात क्षणोक्षणी ज्ञानतंतूंवर इतके आघात होतात की नागरिकाचे मन अखेरीस एक प्रकारची बेफिकिरी धारण करते आणि तेच त्याचे कवच होय. हे आम्हांस अर्धेच पटते. ज्यांना कवच येते त्यांना येते. आमच्या डब्यातील कित्येक सद्गृहस्थ एका पायावर उभे राहून गाढ झोप घेतात, त्यांना झिमेलने पाहिले असते तर आनंदाने आलिंगन दिले असते. पण तीस वर्षे त्याच पुलावरून जाऊनही ज्यांच्या अंगावर हे कवच धरत नाही, त्यांनी काय करावे?

शिवाय सारा दोष गर्दीच्या आकारमानाचा आहे, हेही खरे नव्हे. काही वर्षांपूर्वी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालण्याचा योग आम्हांस आला. दिवे घाटात त्या दिवशी जी गर्दी असते तिच्यापुढे दादरचा पूल म्हणजे एकांतवास. टाळ, मृदंग, पावसाने भिजलेल्या घोंगड्यांचा वास, चिखल, घाम, खांद्यास घासणारे खांदे, कशाचीच उणीव नव्हती. सासवडला पोहोचलो तेव्हा पाय तुटून गेले होते, आणि डोके मात्र सकाळपेक्षा शांत होते. हा भक्तीचा प्रभाव म्हणावा, तर आमच्या गाठी तेवढी पुण्याई नाही. आम्हांस कारण दिसते ते फार साधे आहे. तेथे सर्वांची दिशा एक असते, चाल एक असते, आणि टाळाचा पुढचा ठोका केव्हा पडणार हे कानाला आधीच ठाऊक असते. पुढच्या दिंडीचा अभंग मागच्या दिंडीत मिसळला तरी मनाला धक्का बसत नाही. पुलावर पुढच्या क्षणी काय आदळणार, हे सांगता येत नाही. मन सतत दारावर उभे राहून प्रत्येक आगंतुकाला ‘कोण?’ म्हणून विचारीत राहते.

दारावरचा हा पहारेकरी मोठा कर्तबगार असतो. १९५३ साली चेरी नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने लोकांच्या दोन कानांत दोन निरनिराळी भाषणे एकाच वेळी ऐकविली आणि एकाच कानातील भाषण मोठ्याने म्हणून दाखविण्यास सांगितले. ते त्यांनी चोख म्हटले. पण दुसऱ्या कानातील वक्ता मध्येच इंग्रजी सोडून जर्मन बोलू लागला, हेदेखील त्यांच्या लक्षात आले नाही. दहाजणांच्या गलबल्यात आपल्या माणसाचे बोलणे निवडून घेणारी शक्ती ती हीच. वयपरत्वे ती उणावते. आमचे कान वैद्याने बंद खोलीत तपासले आणि वयाच्या मानाने उत्तम म्हणून सांगितले. बंद खोलीत उत्तमच आहेत! पण लग्नाच्या पंगतीत आमच्या सौभाग्यवती शेजारी बसून काहीतरी महत्त्वाचे सांगतात तेव्हा त्यांचे ओठ हलताना दिसतात, आणि आम्ही मान डोलावतो. कशाकशाला आम्ही अशा रीतीने संमती देऊन बसलो आहो, त्याचा हिशेब अजून लागावयाचा आहे.

या सर्व वाचनात आम्हांस खरा उपयोगी पडला तो ग्लास व सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा १९७२ सालचा ग्रंथ. त्यांनी लोकांना मोठमोठे कर्कश आवाज ऐकविले. काहींना ठरावीक अंतराने, काहींना अवचित. मग त्यांच्यापुढे न सुटणारी कोडी ठेवली. ज्यांना आवाज अवचित ऐकावे लागले होते त्यांनी कोडी लवकर टाकून दिली. येथवर आमच्या दिवे घाटाचीच साक्ष झाली. परंतु पुढे त्यांनी काहीजणांच्या हाती एक बटण दिले आणि सांगितले की, अगदीच असह्य झाले तर हे दाबा, आवाज थांबेल. शक्यतो मात्र दाबू नका. बहुतेकांनी ते दाबले नाही. म्हणजे आवाज त्यांनी इतरांइतकाच सोसला. आणि तरीही कोड्यांपुढे ते कितीतरी अधिक वेळ टिकले.

हे वाचल्यापासून आम्ही पुलावर बोळे घालून जाण्याचे सोडले. बोळे आता खिशात असतात. ते तेथे आहेत एवढे बोटांनी चाचपून पाहिले की बहुधा काम भागते. फलाटाच्या टोकाकडे, शेवटच्या डब्यांच्याही पलीकडे, थोडी मोकळी जागा सापडते. दोन गाड्या जाऊ देऊन तिसरीने जावयाचे, हे आम्ही घरून निघतानाच ठरवून ठेवतो. उपाहारगृहात भिंतीस पाठ लावून बसतो, म्हणजे धाड निदान तीनच बाजूंनी येते. बाजारहाट सकाळी सातास उरकतो. यांत शौर्य नाही हे आम्ही जाणतो.

एवढ्यावर हा विषय आमच्यापुरता संपला असता. पण आमच्या भाचीचा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि तो स्वमग्न आहे. आम्हांस जे सायंकाळी सहाला होते ते त्याला कोणत्याही वेळी, मिक्सरच्या आवाजानेदेखील होते. आणि काय होते ते सांगण्यास त्याच्याजवळ शब्द फार थोडे आहेत. इंद्रियांची ही तीव्रता त्या अवस्थेचे एक लक्षण होय, असे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी २०१३ साली आपल्या निदानग्रंथात स्पष्ट नोंदविले. आमच्या देशातील २०१६ च्या दिव्यांगविषयक कायद्यातही स्वमग्नतेचा समावेश आहे. नातेवाइकांच्या ग्रंथात मात्र त्यास अद्याप एकच शब्द आहे : ‘लाडावलेला’. एका मुंजीत ताशा सुरू होताच तो कानांवर हात दाबून जमिनीवर पडला व किंचाळू लागला, तेव्हा एका वयोवृद्ध बाईंनी हा शब्द त्याच्या आईस ऐकू जाईल इतपत मोठ्याने उच्चारला. त्या दिवसापासून दोन वर्षे ती मुलगी कोणाच्या कार्यास गेली नाही. सख्ख्या मावसबहिणीच्या लग्नासही नाही. घरात आहेर पोहोचत होते, माणूस पोहोचत नव्हते.

येथे कायद्याचाही आधार नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्री दहानंतर कर्ण्यास बंदी आहे, पण बंद सभागृहातील कर्णे त्यातून वगळले आहेत. शेजाऱ्याच्या झोपेची काळजी कायद्याने वाहिली. आत बसलेल्या पाहुण्याची वाहिली नाही. तो बिचारा आपण होऊन आलेला!

गेल्या वैशाखात आमच्या पुतण्याचे लग्न होते. आम्ही भाचीस दूरध्वनी केला आणि बटणाची सगळी कथा सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, “मामा, त्याच्या हातात कसलं बटण देणार तुम्ही?” प्रश्न रास्त होता. आम्ही कार्यालयातील वरच्या मजल्यावरची, सामान ठेवण्याची एक खोली रिकामी करून घेतली, पंखा बंद, पडदा ओढलेला, आणि तिची किल्ली मुलाच्या गळ्यात दोरीने अडकविली. आदल्या दिवशी कार्यालय सुने असता त्याला आणून जिना, दार आणि कुलूप तीन वेळा दाखविले. लग्नाच्या दिवशी तो आला. अक्षतांच्या वेळी त्याने किल्ली मुठीत घट्ट धरली होती. आई त्याच्याकडे पाहत होती आणि आम्ही दोघांकडे. पहिल्या खेपेस बारा मिनिटांत तो वर गेला. अर्ध्या तासाने आपण होऊन खाली आला, पंगतीच्या टोकास बसून दोन जिलब्या खाल्ल्या आणि पुन्हा वर गेला. भाची मात्र खालीच बसून होती. बहिणींच्या घोळक्यात ती हसताना आम्ही पाहिली.

येत्या मार्गशीर्षात तिच्या धाकट्या दिराचे लग्न आहे. कार्यालय ठरविण्यास ती मंडळी आम्हांसही घेऊन गेली. जेवणाच्या ताटाचा भाव, सनई की ताशा, वाहने उभी करण्याची सोय, सगळे बोलून झाल्यावर भाचीने व्यवस्थापकास विचारले, “वर एखादी खोली मिळेल का?”

“वधूपक्षाला एक, वरपक्षाला एक, दोन आहेतच की, ताई.”

“आणखी एक हवी.”

“कशासाठी?”

“रिकामी ठेवायला,” ती म्हणाली.

व्यवस्थापकाने वहीतून मान वर करून आमच्याकडे पाहिले. मग रिकाम्या खोलीचे भाडेही भरलेल्या खोलीइतकेच पडेल, असे त्याने बजावले. आणि भाचीने पर्समधून पैसे काढले.