सुट्टीतलं दान

अमेरिकेत जून-जुलैत शाळांना सुट्टी. लोक फिरायला जातात आणि चर्चमधली दानाची थाळी हलकी होते. विजेचं बिल, पगार मात्र सुट्टीवर जात नाहीत! त्यात शाळेतलं फुकट जेवण बंद, म्हणून अन्नधान्य वाटणाऱ्या चर्चकडे जास्त घरं येतात. गरज वाढते तेव्हाच नेमका पैसा आटतो.

मला यावर पौलाचा सल्ला पटतो. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (अध्याय १६) तो सांगतो, दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी ऐपतीप्रमाणे काही बाजूला काढा. म्हणजे आपली एसआयपीच की! बँकेला एकदा सांगून ठेवायचं, मग खुशाल समुद्रावर जा. रक्कम छोटी चालेल. डिसेंबरमधला मोठा चेक जुलैतल्या भुकेला पुरत नाही.