चालतंय ना, मग हात लावू नकोस!

आमच्या धंद्यात एक वाक्य फार पवित्र आहे : "चालतंय ना, मग हात लावू नकोस!" दहा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेला कोड, लिहिणारा केव्हाच दुसऱ्या कंपनीत गेलेला, कागदोपत्री काही नाही, आणि तरी रोज रात्री बिनबोभाट चालतोय. अशा कोडला शुक्रवारी संध्याकाळी कुणी शहाणा माणूस हात लावत नाही. पण हेच वाक्य परवा गाडीच्या बाबतीत ऐकलं आणि मला काही ते पचेना.

गाडी बाबांची. २०१०ची होंडा सिटी, पाच गिअरची ऑटोमॅटिक. काकांकडून आमच्याकडे आली तेव्हा फाइलमध्ये इंजिन ऑइलच्या पावत्या व्यवस्थित लावलेल्या होत्या. गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं याची मात्र एकही नोंद नाही. गाडी चालत होती मजेत. पण बाबांचा डावा गुडघा कामातून गेलेला आहे, क्लचची गाडी त्यांना चालवता येत नाही. टिटवाळ्याहून कल्याणला जायचं म्हणजे एकतर लोकल आणि स्टेशनचे जिने, नाहीतर गोवेलीवरून गाडी. आईला दर आठवड्याला फिजिओथेरपीला तेच नेतात. या वयाच्या गाडीचा गिअरबॉक्स गेला तर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या आसपास जाऊ शकतो. मग बाबांना दर वेळी कुणाला तरी "नेतोस का रे?" असं विचारावं लागणार. आणि बाबांना तसं विचारणं किती आवडतं, ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे!

गॅरेजवाल्याचा सल्ला सरळ होता : "साहेब, जुन्या ऑटोमॅटिकचं तेल बदलू नका. बदललं की गिअरबॉक्स जातो. मी पाहिलंय." माणूस खोटं बोलत नव्हता. त्याने खरंच पाहिलं असणार. प्रश्न हा, की त्याने नेमकं काय पाहिलं?

त्यासाठी हे तेल करतं काय ते बघू. इंजिनातलं तेल मुख्यतः वंगण. ऑटोमॅटिकमधलं तेल, म्हणजे एटीएफ, चार नोकऱ्या करतं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद पुढे पोचवतं, दाबाखाली जाऊन आतले क्लच दाबतं, सगळ्याला वंगण देतं आणि उष्णता बाहेर नेतं. क्लचच्या चकत्या किती घट्ट पकडायच्या आणि किती हळुवार, हेही तेलातल्या रसायनांवर ठरतं. (जनरल मोटर्सची 'हायड्रामॅटिक' १९४०च्या ओल्ड्समोबिल गाड्यांतून आली. त्यानंतर कित्येक वर्षं अशा तेलांत चक्क स्पर्म व्हेल माशाचं तेल मिसळत असत! अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि मग रसायनशास्त्रज्ञांची धावपळ झाली.) रंग लाल, तो मुद्दाम घातलेला. गाडीखाली डाग पडला तर इंजिनाचं तेल गळतंय की गिअरबॉक्सचं, ते लगेच कळावं म्हणून.

या तेलाचा शत्रू म्हणजे उष्णता. अंगारकीला मंदिराच्या रस्त्यावर गाडी 'डी'मध्ये ठेवून इंचाइंचाने पुढे सरकवा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल नुसतं घुसळून तापत असतं. वर्षानुवर्षं असं तापून त्यातली रसायनं संपत जातात आणि चकत्यांची झीज त्यातच फिरत राहते.

आता गॅरेजवाल्याचा मुद्दा. लोक हे तेल बदलायला कधी जातात? गिअर घसरायला लागल्यावर! तोवर चकत्या झिजून गेलेल्या असतात. नवीन तेल त्यांना परत जाड करू शकत नाही. गिअरबॉक्स जायचा तो जातो आणि बदनाम होतं नवीन तेल. म्हातारा शेवटच्या घटकेला आल्यावर डॉक्टर बोलवायचा आणि मग म्हणायचं, डॉक्टर आला आणि म्हातारा गेला. तसलाच प्रकार. यात दोन खऱ्या भीतीही मिसळल्यात : चुकीच्या प्रकारचं तेल घालणं आणि मशीन लावून दाबाने सगळं धुऊन काढणं. पहिलीने चांगला गिअरबॉक्स बिघडू शकतो. दुसरीत आत साचलेला गाळ सुटून बारीक वाटांत अडकायची धास्ती असते.

म्हणून बदलायचं की नाही हे तेलालाच विचारायचं. टिटवाळ्यात आमच्या बिल्डिंगसमोरचा सपाट तुकडा शोधला (तो शोधणं हेच निम्मं काम!). गाडी नीट तापेपर्यंत फिरवून आणली. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून, लिव्हर सगळ्या जागांवरून फिरवून, 'पी'मध्ये आणून डिपस्टिक बघतात. होंडाच्या या गाड्यांत मात्र उलटं : इंजिन बंद करायचं आणि साधारण ६० ते ९० सेकंदांत बघायचं. तेव्हा आधी मॅन्युअल वाचा. डिपस्टिक काढायची, सूत न सुटणाऱ्या फडक्याने पुसायची, पूर्ण आत घालायची, परत काढायची. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. कमी असेल तर पंप हवा ओढतो, जास्त असेल तर फेस होतो, दोन्ही वाईट.

मग एक थेंब पांढऱ्या कागदावर. लालसर आणि पारदर्शक असेल तर उत्तम. तपकिरी म्हणजे वय झालं. काळा आणि जळका वास म्हणजे आत काहीतरी जळलंय, नुसत्या तेलाने भागणार नाही. स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखा गुलाबी दुधाळ म्हणजे पाणी शिरलंय. काळू नदीकाठच्या लोकांनी पावसाळ्यानंतर हे जरूर बघावं. गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर स्टार्ट करण्याआधीच.

आमचा थेंब तपकिरी, पण जळका वास नाही. म्हणजे बदलायला हरकत नव्हती.

बदलायला मी जॅक लावून गाडीखाली शिरलो नाही. तुम्हीही शिरू नका. टिटवाळ्यातच एका मेकॅनिककडे खड्डा आहे, तिथे गेलो. मॅन्युअलमध्ये एटीएफ-झेड१ लिहिलं होतं. त्याची जागा पुढे होंडाच्याच डीडब्ल्यू-१ ने घेतली, तेच आणलं. बोल्टच्या चुंबकावर राखाडी मऊ लगदा होता, तो साहजिक असतो. धातूच्या कपच्या असत्या तर काळजी होती. निघालेलं तेल पाण्याच्या लिटरच्या बाटल्यांत मोजलं आणि तेवढंच नवीन भरलं. बोल्टचा वॉशर नवा.

गंमत अशी, की बोल्ट काढला तरी सगळं तेल निघत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. समजा एकूण सहा लिटर आहे आणि निघतं अडीच. पहिल्या वेळी जुनं ५८ टक्के उरतं, दुसऱ्या वेळी ३४, तिसऱ्या वेळी २०. म्हणजे मध्ये काही दिवस गाडी चालवत तीन वेळा केलं, की धुलाईच्या मशीनशिवाय काम होतं. सर्व्हर बंद न करता थोडा थोडा बदलत नेतो ना, तसंच! आम्ही तीन रविवार हेच केलं. जुनं तेल मेकॅनिकच्या पिंपात गेलं, तिथून ते पुनर्प्रक्रियेसाठी उचललं जातं. गटारात ओतलं असतं तर ते काळूत, आणि काळू पुढे उल्हासला मिळते.

एक सूचना : २०१४च्या सेलेरिओपासून आपल्याकडे पसरलेल्या एएमटी गाड्यांना हे लागू नाही. तो आतून मॅन्युअल गिअरबॉक्सच, त्याचं तेल वेगळं. सीव्हीटी आणि ड्युअल क्लचचंही वेगळं. लाल दिसलं म्हणून कुठलंही ओतू नका.

तिसऱ्या रविवारनंतर बाबांना विचारलं, काही फरक जाणवतो का? म्हणाले, "छे, आधीसारखीच चालते." मला एवढंच हवं होतं. त्यांनी मात्र शांतपणे डायरी काढून तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवले. काकांच्या फाइलमध्ये नव्हती ती नोंद आता आहे.