वरचं आणि खालचं

आमच्या घरात 'वरचं' आणि 'खालचं' या शब्दांना फळीवरचे डबे नि फळीखालचे डबे एवढाच अर्थ होता. वरच्यात लाडू, खालच्यात पोहे. मग एके चैत्रात डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा आवळला, फसफस हवा भरली, आणि कर्जाचा अर्ज नामंजूर करणाऱ्या मॅनेजरासारखा चेहरा करून म्हणाले, "वरचं 160, खालचं 100." मी म्हटलं, "तुम्हाला पाहून वाढलं असेल." ते म्हणाले, "मग आणखी दोनदा येऊन पाहा मला." पाहिलं. वाढलेलंच होतं. एक गोळी सुरू झाली, लोणचं-पापड बंद झाले आणि हुकूम सुटला: रोज चाला.

एरवी अशा हुकमांची आमच्याकडे रीतसर टिंगल होते. या वेळी मात्र ही एक शब्द बोलली नाही. कारण मी तेव्हा 57 वर्षांचा होतो. आमचे बाबा 58व्या वर्षी गेले. सकाळी दाढी करता करता कोसळले. अर्ध्या गालाचा साबण तसाच राहिला होता. त्यांचं प्रेशर कुणी कधी मोजलंच नव्हतं. त्या काळी प्रेशर फक्त कुकरला असे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पर्वतीवर. पायऱ्या 103. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली आणि प्रेशर मोजायचं नवंकोरं यंत्र. वर पोचल्याबरोबर, धापा टाकतच, मी कठड्यावर बसून पट्टा बांधला. वरचं 188! व्यायामानं प्रेशर उतरतं म्हणतात, आणि माझं तर मलाच मागे टाकून वर चढलं होतं. ही घाबरली. मी शूरासारखा घाबरलो नाही असं दाखवलं आणि पुतणीला फोन लावला. ती डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे.

"काका, धावत्या गाडीचा वेग मोजून गाडी बिघडली म्हणता का?" ती म्हणाली. चढताना पायांना जादा रक्त लागतं, अॅड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात ठोके देतं. वरचा आकडा चढणारच. खालचा फारसा हलत नाही. "आता गप्प बसा आणि अर्ध्या तासानं मोजा." मोजलं. 136! थांबल्यावर स्नायूंतल्या रक्तवाहिन्या काही वेळ सैलच राहतात, त्यामुळे दाब आधीपेक्षाही उतरतो, तो काही तास टिकतो म्हणे.

रविवारी तिनं घरी येऊन उरलेला पाठ घेतला. मूत्रपिंड म्हणजे आमच्या जुन्या ऑफिसातला हेडक्लार्क. रक्त कमी पोचतंय असं वाटलं की तो रेनिन नावाची चिठ्ठी पाठवतो. ही चिठ्ठी 1898 साली स्टॉकहोममध्ये सशाच्या मूत्रपिंडात सापडली. चिठ्ठीवरून अँजिओटेन्सिन तयार होतं, ते रक्तवाहिन्या आवळतं आणि अल्डोस्टेरॉनला उठवतं. ते मीठ नि पाणी अंगात साठवून ठेवतं. म्हणजे पापड खायचा मी आणि तो जपून ठेवायचा यानं! महिनोन्महिने नियमित चाललं की या चिठ्ठ्या कमी होतात, नॉरअॅड्रेनलिनची आरडाओरडही थोडी थंडावते.

मला सर्वांत आवडलं ते पुढचं. हृदय नुसता पंप नाही, त्यातूनही एक हार्मोन झरतं. 1981 साली कॅनडात हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क उंदरांना टोचला, तर ते भराभर मीठ नि पाणी बाहेर टाकू लागले. चालताना रक्त भरून हे कप्पे ताणले की तो झरा वाहतो. हृदयाला पाझर फुटतो हे आपले लोक इतकी वर्षं म्हणत होते, ते अगदीच हवेत नव्हतं म्हणायचं.

चार महिन्यांनी डॉक्टरांकडे 134 आणि 84 भरलं. गोळी सोडू का, असं विचारलं, तर त्यांनी तो मॅनेजरचा चेहरा पुन्हा काढून दाखवला. गोळी आहे. पायऱ्याही आहेत.

परवा मला 59 पूर्ण झाली. सकाळी दाढी करत होतो, अर्धा गाल झाला होता. आरशात पाहतो तर ही मागे दारात उभी.

"काय गं?"

"काही नाही," ती म्हणाली. पण हलली नाही. दुसरा गाल होऊन मी तोंड धुतलं, तेव्हा म्हणाली, "अहो, आटपा आता, ऊन होईल."

परत आल्यावर तिनं फळीवरचा डबा काढला आणि एक लाडू मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला.