धुतलेला रुमाल

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा सोळा वर्षांचा होता. त्यांचं घर विश्रामबागेतच, माझ्यापासून दोन गल्ल्या पुढे. त्या संध्याकाळी तो गच्चीवर निपचित सापडला. शेजाऱ्यांनी त्याला दवाखान्यात नेलं, मी मागे राहिले. गच्चीवर एक रुमाल आणि पंक्चरच्या सोल्युशनच्या दोन ट्यूब पडल्या होत्या. आता लोक येतील, पोराची बदनामी होईल, एवढंच डोक्यात आलं. ट्यूब कचऱ्यात टाकल्या, रुमाल साबणाने धुऊन वाळत घातला.

पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली. शवविच्छेदन झालं, दुसऱ्या दिवशी जोहरनंतर दफन. काही महिन्यांनी अहवाल आला : व्हिसेरात विष आढळलं नाही. कारण काही ठरेना. मग मोहल्ल्यात कुजबुज सुरू झाली, पोरानं खुदकुशी केली म्हणून. बहिणीच्या कानावरही ते गेलं.

शेवटी मी न्यायवैद्यक शिकवणाऱ्या एका ओळखीच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, सोल्युशनमधली टोल्युइनसारखी द्रव्यं हवेत उडून जातात. ती शोधायची तर रक्ताची बाटली काठोकाठ भरून, घट्ट बंद करून, थंड ठेवून पाठवावी लागते. फुप्फुसाचा तुकडाही हवाबंद हवा. पण तसा नमुना घ्यायचं सुचायला जागेवरची खूण लागते. "ती खूण तुम्ही धुतलीत."

हुंगलेली ही वाफ हृदयाला ॲड्रेनलिनपुढे हळवं करते. धावलं, दचकलं तरी ठोके बिघडून माणूस जागीच जातो, कधी पहिल्याच वेळी. अमेरिकेत मिलार्ड बास यांनी 1970 मध्ये असे 110 तरुणांचे मृत्यू मांडले होते. भगिनींनो, 2024 मध्ये कवठेमहांकाळजवळ इरळीत एमडीचा कारखाना पकडला तेव्हा आम्ही बायका आठवडाभर त्यावरच बोलत होतो. सायकलच्या दुकानातली ट्यूब कुणाच्या ध्यानीमनी असणार?

घरी येऊन बहिणीला सगळं सांगितलं, रुमालाचंही. ती बराच वेळ गप्प बसली. मला वाटलं, आता ही मला घराबाहेर काढणार.

"आपा, म्हणजे त्याला मरायचं नव्हतं?"

"नव्हतं गं."

ती रडली, मीही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो, माझा जबाब लिहून द्यायला.